प्रिया स्कूटरच्या दुरुस्तीच्या नोंदी, सातारा

वाहन: प्रिया, दोन स्ट्रोक, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५७ मिमी, १४५.४५ सीसी. सहा व्होल्ट, बॅटरी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातली.
जागा: गोडोली, घरामागची पत्र्याची शेड.
काम: आजोबा (हवाई दलातून निवृत्त, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारे). तपासणी: सूनबाई. हाताखाली: नातू, नववी.

४ ऑक्टोबर २०२५

खंडेनवमीला पूजलेल्या हत्यारांवरचे झेंडू काढले आणि आधी हत्यारांचा फळा केला. १२ मिमी प्लायवूड, ४ फूट बाय ३ फूट, पांढरा रंग. प्रत्येक पाना फळ्यावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि आतला आकार लाल रंगाने भरला. पाना जागेवर नसला की लाल डाग दिसतो. हवाई दलाच्या हँगरमध्ये हीच पद्धत असते, कारण विमानात राहिलेला एक पेचकस कंट्रोलच्या दांड्यात अडकू शकतो. स्कूटरच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) राहिलेला वॉशरही एका किकमध्ये तेवढंच नुकसान करतो.

नियम दोनच. इंजिनाचं कुठलंही तोंड बंद करण्याआधी फळा पूर्ण भरलेला हवा. आणि घट्ट करणारा व तपासणारा एकच माणूस नको. विमानाच्या फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत, काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही वेगळी असते, तशा या वहीतही दोन रकाने आखले. सूनबाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात, त्यामुळे टॉर्क म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागत नाही. ढिला नट सापडला तर त्या सही करत नाहीत, सासरे असले तरी.

उघडी भोकं बुजवायला कॉटन वेस्ट वापरायचा नाही, धागे आत जातात. जुन्या लाल साडीचे अखंड तुकडे घेतले. लाल का, तर आत राहिलेला तुकडा डोळ्यांत भरतो. तुकडे मोजून वहीत लिहिले.

सुट्या भागांना कागदी चिठ्ठ्या लावल्या तर पेट्रोल-डिझेलमध्ये शाई उतरते. शीतपेयाच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यांवर खिळ्याने नंबर ठोकले. ते काम नातवाचं. पट्टीच्या कडा कानशीने मारून घ्यायच्या, हात कापतो.

५ ऑक्टोबर

खोलण्याआधी लक्षणं लिहून घेतली. इंजिन एकदा खोललं की लक्षण पुन्हा बघायला मिळत नाही, म्हणून यात घाई नको.

एक: थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू. दोन: थ्रॉटल बंद केला तरी इंजिन फिरत राहतं, उलट आवाज चढतो. तीन: सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर, गरम झाल्यावरही. चार: गिअरबॉक्सचं ऑइल १४० मिली निघालं. असायला हवं सुमारे २५० मिली.

ही लक्षणं एका दोषाची नाहीत. क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला) दोन बाजूंनी ऑइल सील असतं. मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आपोआप पळतं. असं इंजिन चालवत राहिलं तर पिस्टन तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं, म्हणून धूर आणि म्हणूनच ऑइलची घट. इथे दोन्ही गेलेली आहेत. बाहेरचे मेकॅनिक बहुधा कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर वेळ घालवतात आणि धुराला टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं) जास्त झाल्याचं कारण देतात. गिअर ऑइल मापून बघायला दहा मिनिटं लागतात, पण ते कोणी करत नाही.

इंजिन ज्या लांब बोल्टवर झुलतं तो गंजून धरलेला. त्यावर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलं. आठवडाभर रोज सकाळी एकदा मारायचं.

१२ ऑक्टोबर

इंजिन खाली उतरवलं. क्रम: पेट्रोलचा कॉक बंद, पाइप, थ्रॉटल आणि चोकच्या तारा, क्लचची केबल, गिअरच्या दोन केबली, मागचा ब्रेक, वायरिंगचं खोकं, शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि सगळ्यात शेवटी लांब बोल्ट. गिअरच्या दोन केबली उलटसुलट लागल्या तर गिअर उलटे पडतात, म्हणून दोन्हींना पट्ट्या.

लांब बोल्ट ठोकताना नट काढून टाकायचा नाही. तो आट्यांच्या टोकाशी बरोबरीत ठेवायचा आणि पितळी दांड्यावर हातोडी मारायची. नट नसेल तर टोक फुलतं आणि मग बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो.

२० ते २३ ऑक्टोबर

दिवाळी, काम बंद. पेट्रोलची टाकी शेडमधून काढून फटाक्यांपासून लांब, गच्चीवरच्या खोलीत ठेवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

२६ ऑक्टोबर

आता बॉडी. इथे एअरफ्रेम फिटरचा हात बसतो, कारण या स्कूटरला वेगळी फ्रेम नाही. पत्रा हाच सांगाडा. बजाजने इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली आणि प्रिया त्याच घराण्यातली. पियाज्यो ही तेव्हा विमानं बनवणारी कंपनी, आणि १९४६ ची व्हेस्पा आखणारे कोरादिनो दास्कानिओ विमान-हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं आहे ते विमानाच्या चाकाच्या पायासारखं. त्यामुळे मोटारीच्या चाकाप्रमाणे बाजूने काढता येतं. ताण सगळा पत्र्याच्या कातडीवर. म्हणून फूटबोर्डला पडलेलं भोक हे दिसण्याचं काम नाही, ते मजबुतीचं काम आहे. लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर पाच-सहा महिने छान दिसेल आणि पावसाळ्यात स्टँडवर चढवताना मधोमध वाकेल.

तपासणी: रबरी पट्ट्या काढल्या, खालून टोकदार हातोडीने हलके ठोके मारत गेलो. निरोगी पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. डाव्या अंगाला तळव्याएवढा भाग गेलेला. खालच्या आडव्या चॅनलमध्ये मातीचा थर. हाच मूळ दोष. चॅनलची पाणी जाण्याची भोकं मागच्या रंगकामात बुजली होती, साताऱ्याचा चार महिन्यांचा पाऊस आत साचत राहिला.

निरोगी जागी व्हर्नियरने पत्रा मोजला: १.२ मिमी. तुकडा १८ गेजचाच आणला. जाड पत्रा लावला की मजबूत होईल असं वाटतं, पण ताण जाड-पातळच्या सांध्यावर गोळा होतो आणि चीर तिथूनच जाते.

२ नोव्हेंबर

कापण्याआधी हँडलच्या खांबापासून सीटखालच्या भागापर्यंत २५ मिमीची कोनपट्टी वेल्डिंगने टाचून घेतली. हे न करता फूटबोर्ड कापला तर पुढची-मागची बाजू एकमेकींकडे झुकते आणि नंतर स्कूटर सरळ धावत नाही. कर्णाची मापं दोन्ही बाजूंनी घेतली, फरक २ मिमी. चालेल.

गंज दिसतो त्याच्या पुढे २० मिमीपर्यंत कापलं. कोपरे चौकोनी ठेवले नाहीत, गोल केले. चौकोनी कोपऱ्यातून चीर सुटते. पुढच्या मडगार्डजवळ ४० मिमीची एक चीर सापडली. तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडलं, मग वेल्डिंग. चिरेचं खरं टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, म्हणून भोकही थोडं पुढे.

तुकड्याच्या कडेला २५ मिमी अंतराने ५ मिमीची भोकं पाडून सीओ-टू वेल्डिंगने भरली. सलग मारायचं नाही. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मधे पत्रा हाताला सोसवेल इतका गार होऊ द्यायचा.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबरच्या जागी ग्राइंडर, लांबी, जाड रंग काहीच लावलं नाही. नोंदणीचं नूतनीकरण करताना फॉर्म २५ भरून आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि नंबरचा पेन्सिलीने छाप घेतात. नंबर वाचता आला नाही तर बाकी सगळी मेहनत अडकून पडते. चार इंच मास्किंग टेप लावून पत्रेवाल्याला आधीच सांगून ठेवणं उत्तम.

८ नोव्हेंबर

प्राइमर सुकल्यावर फूटबोर्डच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि भोकातून पाणी आत जातं. म्हणून पट्टीखाली प्राइमरचा थर आणि प्रत्येक रिव्हेट प्राइमरमध्ये बुडवून ओली असतानाच ठोकली.

रिव्हेटचा हिशोब: व्यास ३ मिमी. दोन पत्र्यांची जाडी १.२ आणि १.५ मिळून २.७ मिमी. त्यात व्यासाची दीडपट म्हणजे ४.५ मिमी मिळवून लांबी ७.२ मिमी. ठोकल्यावर डोकं ४.५ मिमी रुंद आणि १.५ मिमी उंच यायला हवं. कडेपासून अंतर व्यासाच्या दुप्पट, म्हणजे किमान ६ मिमी. सूनबाईंनी कॅलिपर लावून तीन रिव्हेट नाकारल्या. त्या ड्रिलने काढल्या. छिन्नीने डोकं उडवलं असतं तर भोक लांबट झालं असतं.

९ नोव्हेंबर

इंजिन खोललं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, बोअरही ओढलेला. सिलेंडर लेथवाल्याकडे पुढच्या ओव्हरसाइजला दिला. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि सिलेंडरबरोबर द्यायचा. आधी बोअर करून मग मिळेल तो पिस्टन बसवायचा, असा उलटा धंदा चालतो, त्यात पिस्टन आणि सिलेंडरमधला गॅप मिळेल तो घ्यावा लागतो.

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला. वर-खाली खेळ (ढिलेपणा) शून्य, बाजूला थोडा सरकतो. बाजूचा खेळ असायलाच हवा, वर-खालीचा नको. क्रँक ठेवली.

क्रँककेसच्या हातावर चिरेचा संशय होता. डाय पेनिट्रंटचे (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाचे) तीन डबे आणले. जागा क्लीनरने धुऊन कोरडी, लाल डाय, १५ मिनिटं थांबणं. मग क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं. केसवर थेट फवारला तर चिरेतला डायही निघून जातो आणि चीर असूनही नाही असं दिसतं. मग पांढरा डेव्हलपर, १० मिनिटं. लाल रेघ उमटली नाही. ओतकामाचा ओरखडा होता.

१५ नोव्हेंबर

बेअरिंग आणि सील. जुन्या बेअरिंगच्या कडेवरच्या नंबरमागे सी-३ लिहिलेलं असतं. नव्यावरही तेच हवं. सी-३ म्हणजे आतली फट थोडी जास्त. साधं बेअरिंग गार असताना मस्त फिरतं, गरम झाल्यावर धरतं. दुकानदार "चालतं हो" म्हणतो, त्याचं ऐकू नये.

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, दोन पिशव्यांत गुंडाळून. आजींची परवानगी अशी की वरच्या कप्प्यात, मटाराच्या डब्यापासून लांब. केस इलेक्ट्रिक शेगडीवर १०० अंशांच्या आसपास, पाण्याचा थेंब चुर्र करून उडेपर्यंत. गॅसच्या ज्योतीवर नाही. एकाच जागी तापून ॲल्युमिनियम वाकतं. गार बेअरिंग गरम केसमध्ये हाताच्या दाबाने बसलं, हातोडी लागली नाही.

सील व्हायटॉन रबराचे घेतले. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने बारीक खाच पाडलेली होती. नवं सील त्याच खाचेवर बसलं तर नवं असूनही गळतं, म्हणून ते १ मिमी बाहेर ठेवून ओठ कोऱ्या जागी आणला.

क्लचच्या कॉर्क प्लेटी रात्रभर एसएई ३० ऑइलमध्ये. कोरड्या लावल्या तर पहिल्याच दिवशी जळतात.

२३ नोव्हेंबर

सिलेंडर आला. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलेंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फीलर गेजने मोजली: ०.२५ मिमी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही क्लिपा नव्या. जुनी क्लिप परत वापरायची नाही, हेच स्प्लिट पिनला लागू. हेडचे चार नट कर्णात, तीन फेऱ्यांत.

दाबाची चाचणी. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबर आणि पत्र्याच्या पट्टीने बंद. पिस्टन तळाला, म्हणजे ट्रान्स्फर पोर्ट (क्रँककेसमधून सिलेंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहून दाब क्रँककेसपर्यंत जातो. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट काढून त्यात नळी बसवली आणि तिला रक्तदाब मोजायच्या काट्याच्या यंत्राचा फुगा व घड्याळ जोडलं. ते यंत्र ३०० मिमी पाऱ्यापर्यंत दाखवतं, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. दोन स्ट्रोकच्या क्रँककेसला एवढाच दाब द्यायचा असतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरने दिला तर सील उलटतं.

२६० ला नेऊन थांबलो. मिनिटाला ४० ने उतरलं. साबणाचं पाणी लावलं, सिलेंडरच्या बुडाशी एका स्टडजवळ फुगे. केसच्या सपाटीवर पूर्वी कोणीतरी पेचकस घालून उचकटल्याची खूण होती. उठलेली कड तेलाच्या दगडावर सपाट केली, नवं गास्केट. पुन्हा २६०, तीन मिनिटांनी २५४. सही झाली.

ही चाचणी सोडून इंजिन चढवलं असतं तर ५ ऑक्टोबरचं लक्षण परत आलं असतं आणि दोष नव्या सीलला लागला असता.

२९ नोव्हेंबर

मॅग्नेटो. पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या स्विचचा) गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६. पॉइंट निळे पडून जळालेले होते, ते कंडेन्सर गेल्याचं चिन्ह, दोन्ही बदलले. फ्लायव्हीलखालची अर्धचंद्र चावी तपासली. ती किंचित कातरली तरी टायमिंग सरकतं आणि किक उलटी मारते.

दिव्यांची वीज थेट मॅग्नेटोतून येते, नियंत्रक नाही. सगळे बल्ब मिळून व्होल्टेज धरून ठेवतात. हेडलाइट उडाला की उरलेल्यांवर व्होल्टेज चढतं आणि मागचा दिवाही लगेच जातो. म्हणून बल्ब त्याच वॅटचा, आणि एक उडाला की लगेच बदलायचा.

टाकीत गंज. लिंबूसत्त्व लिटरला १०० ग्रॅम, टाकी तोंडोतोंड भरून एक रात्र. सकाळी ओतून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, ताबडतोब उन्हात सुकवली आणि आत टू-टी ऑइल फिरवलं. ओली ठेवली तर दुपारपर्यंत नवा गंज येतो.

कार्ब्युरेटरची जाळी, जेट, फ्लोटची सुई साफ. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, फक्त हवा. सुरू होईना म्हणून स्कूटर आडवी करायची जुनी सवय अनेकांना आहे. आडवी केल्यावर फ्लोटची पातळी बिघडून पेट्रोल जास्त चढतं, म्हणून ती सुरू होते. रोज आडवी करावी लागत असेल तर जेट किंवा जाळी तुंबलेली आहे, एवढाच अर्थ.

७ डिसेंबर

इंजिन चढवलं. मागच्या चाकाच्या नटाला नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय वळवले. गिअर ऑइल एसएई ३०, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत, २५० मिली लागलं. गाडीच्या इंजिनाचं महागडं ऑइल नको. क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरतो.

पेट्रोल: नव्या पिस्टनसाठी लिटरला ४० मिली टू-टी. नंतर लिटरला २० मिली. सुरक्षित म्हणून याहून जास्त घालणारे आहेत. ऑइल वाढलं की तेवढ्या मापात पेट्रोल कमी जातं, मिश्रण हलकं होतं आणि इंजिन उलट तापतं.

फळा भरलेला, लाल कापडाचे तुकडे मोजून बरोबर. तिसरी किक. थ्रॉटल सोडला की आवाज खाली येतो.

१४ डिसेंबर

समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट. एकटा माणूस, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्याहून कमी थ्रॉटल, माथ्यावर थांबून गार होऊ दिली. चढात थ्रॉटल धरलेला असतानाच इंजिन बंद करून प्लग काढला: तपकिरी. पांढरा आला असता तर हवा शिरते आहे, ओला काळा आला असता तर मिश्रण जड, म्हणजे पेट्रोल जास्त.

उतरताना खरी काळजी. थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरलं की इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल येत नाही आणि पेट्रोलबरोबरच येणारं ऑइलही येत नाही. चढात वाचलेला पिस्टन उतारात जाम होतो तो यामुळे. दर थोड्या अंतरावर क्लच दाबून थ्रॉटल जरा उघडायचा, वेग ब्रेकवर ठेवायचा.

खाली आल्यावर गिअर ऑइल तपासलं, पातळी तीच. हेडचे नट गार झाल्यावर पुन्हा तपासले, एक पाव फेरा गेला.

२१ डिसेंबर

पुढे ढकललेल्या दोषांचं पान. विमानात उड्डाण न अडवणारा दोष वेगळ्या पानावर, मर्यादेसह लिहितात. तसंच:

पुढच्या फोर्कच्या पिनमध्ये किंचित खेळ. मर्यादा: मागे माणूस बसवायचा नाही, ५०० किमीच्या आत बेअरिंगच्या सुया आणि पिन बदलणे. पिन सातारच्या दुकानांत मिळाली नाही, पुण्याहून मागवली आहे.

स्पीडोमीटरची केबल तुटलेली. मर्यादा: ५०० किमीचा हिशोब पेट्रोलवरून, प्रत्येक वेळी लिटर आणि तारीख टाकीच्या झाकणामागच्या वहीत.

हॉर्न मंद, इंजिन हळू फिरताना वाजत नाही. मर्यादा नाही, पण पीयूसीला नेण्याआधी बघणे.

चॅनलच्या पाण्याच्या भोकांत दर जूनच्या पहिल्या आठवड्यात तार घालणे. जबाबदारी: नातू.